नणंद डावीकडून चालते

रविवार, २८ सप्टेंबर

जनीन आली, जेवली, भांडी धुतली आणि जाताना माझी गाडी घेऊन गेली. पोटची मुलगी आहे म्हणून चोर म्हणत नाही, एवढंच.

निमित्त डोळ्यांच्या डॉक्टरचं. त्या पोरसवदा माणसानं माझं डोकं एका यंत्रात घालायला लावलं, ठिपका दिसला की बटण दाबा म्हणाला, आणि शेवटी सांगितलं की काचबिंदूमुळे मला डाव्या बाजूचं दिसत नाही, तेव्हा आजपासून गाडी बंद. समोरचं मला घारीसारखं दिसतं. डावीकडे त्यानं ठिपके लावलेच नसतील, तर दिसणार कुठून? शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या डब्याला माझी गाडी लागली हे खरं, पण डबा रस्त्यात होता. चाळीस वर्षं मी या शहराला गाडी चालवायला शिकवली. नदीच्या या काठावर जे कोणी वळताना आधी आरशात बघतात ते माझ्या धाकामुळे बघतात. आणि मलाच गाडी बंद!

जनीनचं म्हणणं असं की मी नदीकाठच्या बुलिम्बातलं हे घर विकावं आणि टुवूम्बाला तिच्या परसातल्या खोलीत राहायला यावं. टुवूम्बा छान आहे. सप्टेंबरात, वसंत आला की, फुलं बघायला जावं आणि अंधार पडायच्या आत डोंगर उतरून घरी यावं, इतकं छान आहे. तिथे नदी नाही. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून नदीचा एक तुकडा दिसतो. क्लाइव्ह आणि मी या घरात लग्न करून आलो, आणि क्लाइव्ह गेला तोही इथूनच.

"आई, गाडीशिवाय तू दूध तरी कसं आणणार?"

"बस आहे. नदीवरची फेरीबोट आहे. बाकीचं जग काय दुधाशिवाय राहतं?"

"तू जन्मात कधी बसमध्ये बसलीयस?"

बसले नाही. बसच्या मागे मात्र पुष्कळ थांबलेय.

शेवटी तह झाला. क्लाइव्हची बहीण ग्लेनिस उद्या टास्मानियाहून दोन आठवड्यांसाठी येतेय. मी तिला बसनं आणि फेरीनं सगळीकडे फिरवायचं. बारा तारखेला जनीन येणार आणि काय ते ठरवणार. जमलं तर मी इथेच. नाही जमलं तर घरासमोर विक्रीची पाटी.

ग्लेनिसला बोलावलंय जनीननंच. म्हणजे येतेय ती पाहुणी नव्हे, हेर. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला?

सोमवार, २९ सप्टेंबर

ग्लेनिसला आणायला विमानतळावर जायचं होतं. जाता आलं नाही. दोष बसचा.

मी स्टॉपवर व्यवस्थित उभी होते. टोपी, पर्स, पाठ ताठ. बस आली, माझ्यासमोरून गेली. दुसरी आली, तीही गेली. तिसरी गेल्यावर कुत्रा फिरवणारी एक बाई थांबली.

"हात केलात का?"

"हात कशाला करायचा? मी स्टॉपवर उभी आहे आणि ती बस आहे. यात न कळण्यासारखं काय?"

"हात केल्याशिवाय थांबत नाहीत त्या. नवीन दिसताय. कुठून आलात?"

"समोरच्या गल्लीतून," मी म्हटलं. "चौऱ्याहत्तर वर्षांपूर्वी."

लोकांवर हात दाखवून अवलक्षण होण्याची पाळी येते, माझ्यावर न दाखवून आली. तोवर विमान उतरून गेलं असणार, म्हणून परत फिरले. घरी येते तर ग्लेनिस पुढच्या जिन्यावर बूट काढून, उन्हात पाय पसरून बसलेली. विमानतळाहून ट्रेननं, मग बसनं, मग फेरीनं, सगळी जोडणी लावून बाई माझ्या आधी घरात हजर. होबार्टच्या बसगाड्यांची वेळापत्रकं बनवण्यात तिचा जन्म गेला, त्यामुळे तिला ते काहीच वाटत नाही.

"कसं काय सापडलं तुला?" मी विचारलं.

"बसला हात केला," ती म्हणाली. मला जरा संशयच आला.

सामान बघून मात्र मी थक्क झाले. दोन भल्यामोठ्या बॅगा, स्वतःची उशी, लोकरीचं पांघरूण आणि वारलेल्या मांजराचा चौकटीतला फोटो.

"दोन आठवड्यांसाठी एवढं?"

"आमच्याकडे सवयच असते गं. कधी काय लागेल सांगता येत नाही."

तिला क्लाइव्हची मागची खोली दिली. आत गेल्या गेल्या तिनं खिडकी उघडली आणि विचारलं, "इथे सकाळचं ऊन येतं का?" मग विचारलं की दवाखाना किती लांब आहे. झाली तपासणी सुरू. सगळं जनीनच्या कानावर जाणार.

बुधवार, १ ऑक्टोबर

आज फेरी.

कोपऱ्यावरच्या झाडावर मॅगपायनं घरटं केलंय आणि पक्षी येणाऱ्याजाणाऱ्याच्या टाळक्यावर झेप घेतोय. दर वर्षीचंच आहे. मी आइस्क्रीमचा रिकामा डबा डोक्यावर घातला, एक ग्लेनिसला दिला. कुणी बघतंय असं वाटलं की पक्षी झेपत नाही, म्हणून तिनं माझ्या डब्याच्या मागच्या बाजूला काळ्या पेनानं दोन डोळे काढले, मग पेन तसंच धरून डाव्या बाजूला आणखी एक काढला.

"तिसरा कशाला?"

"असू दे," म्हणाली. "एकाला दोन बरे, दोनाला तीन."

अशा अवतारात आम्ही धक्क्यावर पोचलो. कुणी वळूनही बघितलं नाही. या दिवसांत अर्धं शहर असंच फिरतं.

शहरात जायचं होतं. नदी इतकी वेडीवाकडी आहे की शहरातल्या उंच इमारती एकदा समोर दिसतात, एकदा पाठीमागे, आणि एका वळणावर तर दोन्हीकडे. गाडीत असताना नदी म्हणजे माझ्यासाठी फक्त पूल. जी फेरी इमारतींकडे तोंड करून उभी होती तिच्यात मी रुबाबात चढले. ती धक्क्यावरून सुटली आणि सरळ उलट्या दिशेला, समुद्राकडे निघाली.

ग्लेनिस आरामात टेकून बसली. तिला सुरुवातीपासून माहीत असावं. शेवटच्या थांब्यावर, हॅमिल्टनला उतरल्यावर मी म्हटलं, "मला तुला मुळात हेच दाखवायचं होतं."

"हो ना, छान आहे," ती म्हणाली. समोर माल उतरवायच्या जुन्या गोदामांच्या भिंतीशिवाय काही नव्हतं.

त्याच फेरीनं परत फिरलो आणि पार विद्यापीठापर्यंत गेलो. पुढच्या डेकवर वारा, पाण्यावर लखलखतं ऊन, काठावर जाकरंडाच्या झाडांना नुकता जांभळा रंग चढलेला. मी जन्मभर या नदीवरून येतेजातेय, पण मान वर करून तिच्याकडे बघितलं आज. गाडी चालवताना बघायची सोयच नव्हती. फार मजा आली, हे जनीनला सांगणार नाही. तिला वाटेल गाडी नेली ते बरंच केलं.

ग्लेनिसची एक विचित्र खोड लक्षात आली. तिला सारखी माझी डावी बाजू लागते. रस्त्यात डावीकडे, फेरीत डावीकडे, कॅफेत डावीकडची खुर्ची. दोनदा मी मुद्दाम तिला उजवीकडे घातलं. तर बुटाची नाडी बांधायला म्हणून खाली वाकली आणि उठली ती डावीकडेच. एकटं राहून माणसं अशी हट्टी होतात.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

आज बसला हात केला आणि बस थांबली. मला राणीसारखं वाटलं.

चालकाच्या पाठीमागच्या सीटवर बसले, म्हणजे रस्ता दिसतो. पहिल्याच चौकात माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला. शिकवण्याच्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक असायचा, त्याची सवय. शहरात पोचेपर्यंत त्या बसला निम्मे ब्रेक मीच लावले.

इथे उतरताना जो तो चालकाला मोठ्यांदा "थँक यू" म्हणतो. मागच्या दारानं उतरणारेसुद्धा ओरडून म्हणतात. माझी पाळी आली तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "मागच्या वळणावर इशारा उशिरा दिलास."

चालक वळला. चांगला धिप्पाड, दाढीवाला, चाळिशीचा. माझ्याकडे बघून त्याचा चेहरा शाळकरी झाला.

"मर्लबाई?"

"ड्वेन? गिअरबॉक्सची वाट लावणारा ड्वेन?"

"बाई, तो एकच गिअरबॉक्स होता!"

"एकच होता, कारण दुसरा तुझ्या हातात द्यायची माझी छाती झाली नाही."

सगळी बस हसायला लागली. ड्वेननं मला हात देऊन उतरवलं. म्हणाला, "बाई, तुम्ही बसमध्ये? गाडी कुठाय?" मी म्हटलं, मुलीला दिली, तिला गरज होती. ग्लेनिस तेव्हा दुसरीकडे बघत होती. मला वाटलं आता हेर तोंड उघडतोय, पण तिनं फक्त माझं डावं कोपर धरलं आणि आम्ही फुटपाथवर आलो.

एक नोंद करून ठेवते. माझ्या दंडावर आणि मांडीवर कायम काळेनिळे डाग असायचे, घरातली टेबलं आणि दारांच्या चौकटी मध्ये येतात म्हणून. या आठवड्यात एकही नाही. सूर्यप्रकाशाचा गुण असणार. ग्लेनिसनं बोळातलं छोटं टेबल उगाचच उचलून तिच्या खोलीत नेलंय, मांजराचा फोटो ठेवायला. विचारायची पद्धत असते, पण असो.

रविवार, ५ ऑक्टोबर

आज दक्षिणेतल्या राज्यांत सगळ्यांनी उन्हाळ्यापुरती घड्याळं एक तास पुढे केली. आम्ही क्वीन्सलँडवाले करत नाही. आमच्याकडे सूर्य उगवतो तेव्हा सकाळ होते, सरकार म्हणतं तेव्हा नाही. माझी आई म्हणायची की जास्तीच्या एका तासाच्या उन्हानं पडद्यांचे रंग उडतील. चेष्टेत म्हणायची की खरंच, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

याचा परिणाम एवढाच की आजपासून एप्रिलपर्यंत आमच्यातला प्रत्येक जण दुसऱ्या राज्यातल्या नातेवाइकांना चुकीच्या वेळी फोन करतो. तास मिळवायचा की वजा करायचा, यावर घराघरात वाद होतात. क्लाइव्ह आणि मी एकदा ख्रिसमसला यावरून दिवसभर अबोला धरला होता.

ग्लेनिसला विचारलं. भोपळा घालून भाजलेल्या गोल पावाला, म्हणजे स्कोनला, लोणी लावता लावता तिनं मला होबार्ट, मेलबर्न, ॲडलेड, सगळीकडे आत्ता किती वाजले असतील ते तोंडपाठ सांगितलं. म्हणाली, "आयुष्यभर दर वर्षी या दिवसासाठी मी अख्खं वेळापत्रक नव्यानं मांडलंय. झोपेतसुद्धा चुकायची नाही."

"आज तुझी आठवण काढत असतील तिकडे."

"कोण?" ती म्हणाली आणि हसली.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ती आल्यापासून तिला तिकडून कुणाचा फोन आलेला नाही. मी तिला आणखी एक स्कोन वाढला. हेर असली तरी माणूसच आहे.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

पुरावा मिळाला!

सकाळी मी कपडे वाळत घालत होते. घर खांबांवर उभं आहे, त्याच्या खाली दोऱ्या आहेत आणि फळ्यांमधून वरचं बोलणं ऐकू येतं. ग्लेनिस फोनवर होती. "नाही जनीन, खोटं नाही बोलणार. एकटीला नाही जमणार. पण..." पुढचं ऐकायला मी थांबलेच नाही. ओले टॉवेल टोपलीत तसेच टाकले, पर्स घेतली आणि निघाले. एकटीला जमतं की नाही ते दाखवते म्हटलं.

जमलं की! फेरी बरोबर दिशेची पकडली. न्यू फार्म पार्कमध्ये उतरले. जाकरंडाखाली बाकावर बसून सँडविच काढलं आणि एका आयबिस पक्ष्यानं, त्या कचरा खाणाऱ्या लांबचोच्या दरोडेखोरानं, ते हातातून ओढून नेलं. डावीकडून आला मेला, चाहूलसुद्धा लागली नाही. माझ्याबरोबर बाकावर बसलेला एक म्हातारा इतका हसला की त्याची कवळी सैल झाली. मग त्यानं त्याचं अर्धं सँडविच मला दिलं. बीट जरा जास्त होतं.

परतताना धक्क्यावर कुणीतरी सुटकेस मधोमध ठेवली होती. तिला अडखळून पडले. गुडघा सोलला, हाताला खरचटलं. डेकवरच्या पोरीनं मला उठवलं, बसवलं, पाणी दिलं. सगळे फार चांगले वागले. मला ते आवडलं नाही. लोक आपल्याशी एवढे चांगले कधी वागतात, ते मला माहीत आहे.

घरी ग्लेनिस जिन्यात उभी होती. "कुठे गेली होतीस" विचारलं नाही. माझ्या गुडघ्याकडे बघितलं, आत गेली, बर्फ घेऊन आली.

"पायरी चुकली," मी म्हटलं.

"चुकते कधीकधी," ती म्हणाली. टॉवेल तिनं वाळत घातले होते.

मला तिच्याशी भांडायचं होतं. पण गुडघ्यावर कुणीतरी हळुवार बर्फ फिरवत असताना भांडता येत नाही.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

आज ग्लेनिसनं इथल्या वाचनालयात नाव घातलं.

"चार दिवसांवर जाणं आलं आणि नाव कशाला घालतेस?"

"फुकट आहे," ती म्हणाली. टास्मानियाची माणसं चिक्कू असतात हे क्लाइव्हवरून माहीत होतं.

दुपारी कांगारू पॉइंटच्या कड्यावर बसून कोळंबी खाल्ली, व्हिनेगर लावून, सालं पिशवीत. खाली नदी, पलीकडे सगळं शहर उन्हात चकाकत होतं. क्लाइव्ह लहानपणी कोंबड्यांना घाबरायचा, हे तिनं मला आज सांगितलं. इतकी वर्षं संसार करून मला पत्ता नाही! आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मग तिचं पाणी थांबेना. "घर फार शांत असतं गं तिकडे," म्हणाली. मी तिला माझी हातातली कोळंबी सोलून दिली.

ती गेल्यावर मला चुकल्यासारखं होईल. आश्चर्य आहे.

रविवार, १२ ऑक्टोबर

हरले.

जनीन माझ्याच गाडीतून आली. आम्ही तिला दाखवायचं म्हणून बसनं आणि फेरीनंच साउथ बँकला नेलं. बसला हात केला, फेरीची दिशा बरोबर, ड्वेननं तर जनीनला सांगितलं की तुमची आई म्हणजे या मार्गावरची तपासनीस आहे. जनीन हसत होती. पोरगी किती दिवसांनी हसली. जेवण झालं. ग्लेनिस पैसे द्यायला आत गेली आणि मी म्हटलं, चल, तुला बोगनवेलीची कमान दाखवते. मी पुढे झाले.

सायकल मला दिसली नाही.

इथे खोटं लिहून कुणाला फसवणार? डावीकडून आली. तो घंटी वाजवत होता, जनीन ओरडली, पण मला वाटलं घंटी लांब कुठेतरी वाजतेय. त्यानं ब्रेक मारला, तो झुडपात गेला, आणि जनीननं मला दंडाला धरून मागे खेचलं. कुणाला लागलं नाही. सायकलवाला सज्जन होता, उलट मलाच विचारत होता की ठीक आहात ना. घाबरले मी. त्या डॉक्टर पोरानं ठिपके सगळीकडे लावले असणार.

ग्लेनिस आतून धावत आली. तिचा चेहरा पांढराफटक. "मी फक्त पैसे द्यायला गेले होते," असं जनीनला म्हणत होती, जसं काही तिनंच मला ढकललं. जनीन तिच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे, मग ग्लेनिस येऊन उभी राहिली त्या माझ्या डाव्या बाजूकडे.

"आत्या," ती हळू म्हणाली, "दोन आठवडे तू हे करत होतीस?"

काय करत होती ते काही मला कळलं नाही. त्या वेळी विचारायचं त्राणही नव्हतं.

घरी आल्यावर जनीन माझ्या पलंगावर बसली आणि रडली. "आई, मला तुझं घर काढून घ्यायचं नाहीये गं. मला तू हवी आहेस. तू एकटी इथे असताना फोन वाजला की मला पहिलं वाटतं, तुलाच काही झालं." हो म्हटलं. उद्या आत्या गेली की परवा जनीन खोकी घेऊन येणार.

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिले. नदीचा तुकडा आहे तिथेच आहे.

सोमवार, १३ ऑक्टोबर

ग्लेनिसचं विमान चुकलं!

सकाळपासून मी कपाटं आवरत होते आणि रडू येऊ नये म्हणून जोरजोरात आवरत होते. तिनं आपल्या बॅगा भरल्या. मी दोनदा विचारलं, निघायला हवं ना? "आहे वेळ," ती म्हणाली. चहा केला. तो प्यायली. मांजराच्या फोटोची काच पुसली. पुन्हा विचारलं, पुन्हा म्हणाली आहे वेळ. वेळेच्या बाबतीत तिला कोण शिकवणार, म्हणून मी पुन्हा कपाटाकडे वळले. विमानतळावर काउंटरवरच्या बाईनं तिकीट बघितलं आणि म्हणाली, हे तर केव्हाच उडालं.

"असं कसं झालं?" मी ओरडलेच.

ग्लेनिसनं मान खाली घातली. "तिकीट घड्याळं बदलायच्या आधी काढलं होतं ना. घड्याळ एक तास पुढे गेलं, तर मला वाटलं विमानही एक तास पुढे गेलं असेल."

काउंटरवरच्या बाईनं तोंडावर हात धरला. मला मात्र हसू येईना. ही चूक आमची आहे, क्वीन्सलँडवाल्यांची! आमच्यातला कुणीही करील, माझ्या आईनं दोनदा केली होती. पण ही होबार्टची वेळापत्रकवाली बाई, जिनं मला मागच्या रविवारी सगळ्या देशाच्या वेळा धडाधड सांगितल्या! दोन आठवड्यांत तिला इथलं पाणी लागलं म्हणावं, की डोक्याला काही झालंय?

"पुढचं विमान उद्या आहे. बसवू का यांना?" काउंटरवाली म्हणाली.

ग्लेनिस माझ्याकडे बघायला लागली. एवढ्या मोठ्या विमानतळावर, दोन बॅगा आणि काखेत उशी घेऊन, बाई इतकी एकटी दिसत होती. हिला मी उद्या त्या शांत घरात परत पाठवू? विमानाची वेळ आज विसरली, उद्या गॅस बंद करायला विसरेल. तिकडे बघायला आहे कोण?

"काही नको," मी काउंटरवालीला सांगितलं. "या माझ्या घरी येतायत."

मग मीच पुढे होऊन बसला हात केला. ग्लेनिस रस्ताभर खिडकीतून बाहेर बघत होती. मला वाटतं रडत होती. मी उगाच छेडलं नाही. माणसाला आपलं वय झाल्याचं कळतं तो दिवस वाईटच असतो. कालच माझा होता.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

सकाळी उठल्या उठल्या जनीनला फोन केला.

"खोकी आणू नकोस. मला टुवूम्बाला येता यायचं नाही."

"आई, आपलं ठरलंय."

"ठरलं होतं, पण आत्याचं काही खरं नाही." मी सगळं सांगितलं. घड्याळ पुढे गेलं म्हणून विमानही पुढे गेलं, ते सुद्धा.

"आत्याची वेळ चुकली?" जनीन म्हणाली. "आपल्या आत्याची?"

"वय झालंय गं तिचं. लोकांसमोर बोलून दाखवू नकोस, मनाला लावून घेईल. पण एकटीला राहणं तिला आता जमायचं नाही. मी काय म्हणते, तिनं इथेच राहावं. क्लाइव्हची खोली आहे. तुझ्या परसातल्या खोलीत आम्ही दोघी मावणार नाही. मग मला इथे राहायलाच हवं, दुसरा इलाज आहे का?"

जनीन हसतेय की रडतेय मला कळेना. नाक ओढल्याचा आवाज आला. "आई, आत्याला फोन दे."

ग्लेनिस फोन घेऊन व्हरांड्यात गेली. मला तिचं अर्धंच ऐकू आलं. "हो... नाही गं, मला कुणी सांगितलं नाही, माझं मीच... अगं, मला तरी तिकडे कोण आहे... हो, कायम... हो, तिच्याबरोबर बाहेर मीच... जनीन, तू आता निवांत झोपत जा." मग थोडं थांबून, "इथे ऊन फार छान येतं."

फोन माझ्याकडे परत आला तेव्हा जनीनचा आवाज पूर्वीसारखा झाला होता, लहान असतानासारखा. "ठीक आहे आई. घर राहू दे. तू आत्याला सांभाळ."

"सांभाळीनच. ते तू मला सांगायला नको."

फोन ठेवला आणि मी खुर्चीत बसले. घर राहिलं! किती दिवस झाले, जो तो मलाच सांभाळायला निघाला होता. डॉक्टर, जनीन, फेरीवरची ती पोरगी. कुणाला तरी माझी गरज आहे, हे विसरूनच गेले होते मी. फार बरं वाटलं.

ग्लेनिस दारात उभी होती. "मर्ल, मी तुला जड तर होणार नाही ना?"

"जड कसली? वेडी कुठली! मी आहे ना."

तिनं होय म्हणून मान हलवली आणि पटकन आत गेली. आतून बॅगा उघडल्याचा आवाज आला, मग तिचं गुणगुणणं. सुरात नाही, पण सवय होईल.

उद्या तिला शहर नीट फिरवून दाखवायला हवं. एकटी सोडली तर हरवायची.